बाबांची काच

३ मार्च
पोचले एकदाची! नऊ तास बस. आई दारातच — "वाळलीस गं." चार किलो वाढलेय मी. आईची नजर!

४ मार्च
स्वयंपाकघरामागचा कातळ तसाच. त्यातली भेगही. भेगेवर आडवी काचेची पट्टी — बाबांची. दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवलेली. डोंगर जरा सरकला तरी आधी ती तडकणार.

लहानपणी रोज सकाळी बाबांचं बोट धरून इथं यायचं. ते हातोडीनं कातळ ठोकायचे, मी कान लावायचे. "बोलतोय का?" "नाही, बाबा." "मग चला, चहा!" तीस वर्षं भूगर्भखात्यात काढलेला माणूस, पण डोंगराची विचारपूस शेजाऱ्यासारखी. त्यांच्यामुळेच मी या धंद्यात. आज तिथं उभी राहिले आणि रडू आलं. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

६ मार्च
दिवसभर वरच्या भ्रंशावर — डोंगर जिथं दुभंगून सरकतो, त्या रेघेवर. पायांचे तुकडे पडले. खडक ताजे फुटलेत, कडा अजून धारदार. वस्ती हलवायची की नाही, हे मला नऊ तारखेपर्यंत खात्याला कळवायचंय.

आई ऐकूनच घेत नाही. "बाबांची काच बघ की! एकदा तरी तडकली?" खरंय, शाबूत आहे. बाबांचा नियमच होता — काच तडकली की त्याच दिवशी खात्याला कळवायचं, घर सोडायचं.

७ मार्च
काच पुसायला गेले. प्लास्टर पांढरंशुभ्र! कोपऱ्यात कोरलेली तारीख गेल्या ऑक्टोबरची. अक्षर आईचं. आणि मी डोंगर पालथा घालतेय — काखेत कळसा!

आई आधी ताकास तूर लागू देईना. भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "तडकली की बदलते. कळवलं असतं तर घर सोडावं लागलं असतं. तुझे बाबा इथंच आहेत. मी कुठं जाऊ?"

ओरडले तिच्यावर. खूप. मग शेजारी बसून भांडी विसळली.

८ मार्च
अहवाल लिहिला. वस्ती हलवा.

आई कपाट उपसतेय. तडकलेल्या सगळ्या काचा बुटांच्या खोक्यात जपून ठेवल्यात तिनं, तारखांसकट! "घे, जोड तुझ्या अहवालाला."

९ मार्च
खोकं रिकामं केलं. वरच्या पाच काचांवर आईचं अक्षर. खालच्या अकरांवर बाबांचं. सगळ्यात जुनी, मी दुसरीत असतानाची.