बंदी कुणी घालायची

एरेब्रू, १४ एप्रिल

चि. स्टेलान यास गुनवोरताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा फोन माझ्या शिवणाच्या मशीनच्या खणात आहे. मार्चमध्ये तू तो स्वतः आणून दिलास, हे साठ वर्षांतलं तुझं पहिलं शहाणपण. मी दिलेला बटणांचा फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

मुद्द्याचं लिहिते. २३ मेला आमच्या पक्षशाखेची सभा आहे. इंटरनेटवरचा कॅसिनो सरकारने सरसकट बंद करावा, असा ठराव मी मांडणार आहे. या देशात दारू सरकारी दुकानात मिळते, तीही शनिवारी तीनपर्यंत आणि रविवारी अजिबात नाही. जुगार मात्र चोवीस तास खिशात! तुझ्याच लेकीच्या, इल्वाच्या बाळाचा बाप्तिस्मा चालू होता आणि तू चर्चबाहेर गाडीत बसून फोनवरची चाकं फिरवत राहिलास. हा प्रसंग नाव न घेता सांगायची परवानगी दे. माणसं आकडे विसरतात, असं विसरत नाहीत.

मासे खात जा, नुसता पाव नको. रागावलास तरी उत्तर लिहावे.

तुझी ताई, गुनवोर


हेर्नोसांद, २२ एप्रिल

ती. ताईस स्टेलानचा सा. न., वि. वि.

मासे खातो. चालतोही खूप, कारण पार्किंगचं यंत्र फोन मागतं. दवाखान्यात गेलो तर बाई म्हणाल्या, वेळ फोनवरून घ्या. फोन नाही म्हटल्यावर त्यांनी अशा नजरेने बघितलं, जणू मी विजार घरी विसरून आलो होतो.

ताई, मला फोन हवा आहे. लगेच भुवया चढवू नकोस, पुढचं वाच. इल्वाचं चार ओळींचं पत्र आलं. जूनमध्ये मिडसमरच्या सणाला घरी या, बाळाला बघा, म्हणते; पण त्याआधी जुगारबंदीच्या सरकारी यादीत तुमचं नाव हवं आणि ते तुम्ही स्वतः घातलेलं हवं. त्या यादीत नाव असलं की परवाना असलेली एकही कंपनी खेळू देत नाही. दुसऱ्या कुणाला ते नाव घालता येत नाही. आणि माझी ओळख पटवणारं सगळं त्या फोनमध्येच. कुलूप लावायचंय आणि कुलूप आतल्या खोलीत आहे.

तुझ्या ठरावाचं म्हणशील, तर शेवटी शेवटी मी खेळायचो त्या कंपन्यांचा पत्ता कुठल्याशा बेटावरचा होता. त्या तुझ्या सरकारला विचारतात थोड्याच? आणि दुसरं असं, की सध्या तूच माझं सरकार आहेस. मी सोडलेलं नाही, मला अडवलंय. यातला फरक माझा मला कळतो आणि इल्वालाही कळलेला दिसतो.

फोन पाठव. दहा मिनिटांचं काम आहे. परवानगीचं नंतर बघू.

तुझा धाकटा, स्टेलान


एरेब्रू, ४ मे

चि. स्टेलान यास आशीर्वाद, वि. वि.

दहा मिनिटं! बाप्तिस्म्याच्या दिवशीही गाडीतून उतरताना दहाच मिनिटं म्हणाला होतास. फोन पोस्टाने पाठवणार नाही.

बेटावरच्या कंपन्यांचा तुझा युक्तिवाद मी वर्गात ऐकला असता तर नापास केलं असतं. चोरीला बंदी असूनही चोऱ्या होतात, म्हणून कुणी कायदा गुंडाळून ठेवत नाही. बंदीने सगळे वाचत नाहीत. पण ज्यांनी पहिल्यांदा बोट लावलेलंच नाही, ते वाचतात. तूही एकदा तसाच होतास.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र अडले, हे कबूल करते. मी इल्वाला फोन करून सांगितलं, की तुझ्या बाबाचा फोन माझ्याकडे कुलपात आहे, एवढं पुरे समज. ती म्हणाली, आत्या, तुमचं वय किती? बहात्तर, म्हटलं. मग ब्याण्णव होईपर्यंत खणावर पहारा देणार का, असं विचारून तिने बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला. उद्धट पोरगी.

१६ तारखेच्या गाडीने फोन घेऊन येते. नाव तू घालायचंस, मी समोर बसणार. मुदत एक महिन्याची, तीनची वगैरे नको, बेमुदत घाल. पलंगावरची चादर बदलून ठेव.

तुझी ताई


हेर्नोसांद, १९ मे

ती. ताईस सा. न., वि. वि.

समोर बसणार म्हणालीस आणि फोन टेबलावर ठेवून बाल्कनीत निघून गेलीस. चाळीस मिनिटं माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. एवढा वेळ का लागला, ते तू विचारलं नाहीस. ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी आधी यादी उघडली नाही. दुसरंच उघडलं, जुन्या कॅसिनोचं पान. तिथे माझ्या नावानिशी लिहिलं होतं, की स्टेलान, तुझी फार आठवण येते, आणि खाली दोनशे फेऱ्या फुकट. या वसंतात तुझ्याशिवाय मला कुणी आठवणीचं काही लिहिलेलं नाही. बोट तिथेच होतं. तुझ्याकडे बघितलं. वारा होता आणि तू डोक्याला काही बांधलं नव्हतंस. तू वळशील म्हणून वाट बघितली, खरं तर वळावंस असंच वाटत होतं. तू वळली नाहीस. मग ते बंद केलं आणि नाव घातलं. बेमुदत.

ठरावात हे सगळं घाल, माझ्या नावासकट. बंदी असावी की नाही, मला अजून ठरवता येत नाही. ते पान नसतं तर मला चाळीस मिनिटं लागली नसती, हे खरं. पण तू समोर बसली असतीस तर ते नाव तूच घातल्यासारखं झालं असतं, हेही खरं.

फोन इथेच राहिलाय. तू विसरलीस असं मी धरत नाही.

तुझा स्टेलान


एरेब्रू, २५ मे

चि. स्टेलान यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी पाठ केली ती विश्वासाने नव्हे. समोर बाल्कनीच्या कठड्याच्या काचेत तुझं प्रतिबिंब दिसत होतं. तुझं बोट थांबलेलं दिसलं आणि मी डोळे मिटून घेतले. तू मला उगाच मोठेपणा देऊ नयेस म्हणून हे लिहिते.

सभेत तुझं पत्र वाचलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, यावरून तर बंदी नकोच असं ठरतं, माणूस आपणहून थांबला. मी म्हटलं, एक थांबला, तोही चाळीस मिनिटांनी. ठराव अकरा विरुद्ध दहा मतांनी मंजूर झाला. आता तो वर जाईल आणि वर्षानुवर्षं कागदांत फिरेल. मी बंदीच्याच बाजूची आहे. फक्त ‘दुबळ्या मनाच्या माणसांसाठी’ असे शब्द मसुद्यात मी घातले होते, ते वाचण्याआधी खोडले.

इल्वाचा काल फोन आला. यादीत नाव आहे हे तू तिला कळवलंस म्हणाली. मिडसमरला चारच्या आत पोहोच, बटाटे गरम असतात तोवर. आणि तुझा फोन बरोबर आण, तिच्याकडून खास निरोप आहे: बाळाचे फोटो आजोबांनी काढायचे आहेत.

माझी हरकत नाही. तू काढ.

माझा धाक आता पुरे झाला, लोभ तेवढा राहू दे.

तुझी ताई, गुनवोर