देवापुढं ठेवलेली बॅटरी

एकादशी, रविवार. अमरावती, संध्याकाळ.

अकोल्याहून आत्ताच आलो. जयूची रिमोटची गाडी शर्यतीत शेवटची आली. माझ्यामुळं.

नवी मोटर दांडगी, तिला लागते तशी जोरदार बॅटरीही जयूनं आणली होती. महिनाभर वापरायची नव्हती. "आई, हिले अर्धीच चार्ज ठेवा लागते," तिनं बजावलं होतं. पण मी ती लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली, आणि देवापुढं अर्धी वस्तू कशी ठेवायची? जयू कॉलेजात गेल्यावर पूर्ण चार्ज केली. वाटलं, पोरीचं भलंच होईल.

आज मैदानावर कापड सोडलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. या उन्हाळ्यात भरलेली ठेवली की अशी फुगते म्हणे. मग सरावाची जुनीच लावली. तिचा जोर त्या मोटरला पुरेना. सरळ पट्ट्यातही गाडी रांगत होती.

जयूची जोडीदार नेहा भडकली. "काहून वं, बॅटरी पाह्यली नाही काय तू?"

जयूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "माह्यंच चुकलं वं. मीच फुल्ल करून ठेवली."

मी लाल कापड हातात धरून शेजारीच उभी. ते घडी करून पिशवीत टाकलं, पण चूक माझी आहे हे सांगितलं नाही. का? पोरींसमोर लाज वाटली म्हणून? एकादशीच्या दिवशी माझ्यापायी लेकीला खोटं बोलावं लागलं.

कापड अजून पिशवीतच आहे. दिवा लावायचाय, पण आधी नेहाला फोन करते.