मला विचारल्याशिवाय बंद करू नये

१ ऑक्टो., बुध.

खंडेनवमी. ऑफिसात मशीनची पूजा. पाच कॉम्प्युटर, प्लॉटर, भिंतीतली सळई शोधायचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मॅडम, म्हणजे आमचे मालक सामंत सर यांची बायको, पेढे आणि गणपतीचा नवा फोटो घेऊन आल्या. सोनेरी फ्रेम. मुख्य मशीनच्या वरचा जुना उतरवला. मी लागल्यापासून दहा वर्षं तो तिथेच होता.

मॅडम म्हणाल्या, "सुजाता, जाता जाता स्टेशनजवळच्या पिंपळाखाली ठेव हं हा. तुला काय, तुमच्यात देवाचं काही नसतं ना."

म्हणजे नसतं म्हणून हमाली माझी. तरी नीट ठेवला. बुंध्याला टेकवून, तोंड रस्त्याकडे. शेजारी आणखी पंधरावीस देव होतेच.

आणि मुख्य मशीन. सगळ्यांची ड्रॉइंगं, रिपोर्ट, वीस वर्षांत तपासलेल्या बिल्डिंगा त्यावरच्या एका फोल्डरमध्ये, बाकी चौघं तिथूनच उघडतात. त्याच्यावर परब काकांची चिठ्ठी चिकटवलेली: 'मला विचारल्याशिवाय बंद करू नये. परब.' ड्रॉइंगांबरोबर मशीनंही बघणारे काका जूनमध्ये रिटायर झाले. सर म्हणाले, "पूजेला शस्त्र म्यानात हवं. बंद कर ते." केलं. चिठ्ठीच्या जागी कुंकू लावायचं होतं म्हणून तीही मीच नखाने खरवडून काढली.

२ ऑक्टो., गुरु.

आईबरोबर विहारात. पांढरी साडी. वंदना, मग भाषणं, मग खीर. भाचीने स्टेजवर गाणं म्हटलं, मधेच विसरली, तरी टाळ्या. ऑफिसचा विचार दिवसभर नाही. चांगला दिवस.

३ ऑक्टो., शुक्र.

डोकं फिरलंय.

सकाळी मशीनं चालू केली. चारही मशीनवर सामाईक फोल्डरच्या नावावर लाल फुली. लगेच चारही बाजूंनी "सुजाता!" मी ड्राफ्ट्समन आहे. कॉम्प्युटरवाली नाही. काका गेल्यापासून कुणी न सांगता ते माझ्या गळ्यात पडलंय, कारण एकदा मी प्रिंटरचा कागद काढून दाखवला होता.

केबल बघितल्या. पूजेत कुणी ओढली असेल म्हणून सगळ्या काढून पुन्हा घातल्या. मधला डबा, ज्यात सगळ्या केबल येतात, तो बंद करून चालू केला. झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, फरक शून्य. शेजारच्या टेबलावरच्या नीलेशच्या मशीनवरून मुख्य मशीनला हाक मारून बघितली, उत्तर येतंय. म्हणजे रस्ता ठीक. नावही दिसतंय. फोल्डरवर क्लिक केलं की 'प्रवेश नाही'. परवानग्या बघितल्या, सगळ्यांना आहेत. फायरवॉल बंद करून बघितली. तेच.

दुपारी तीनला अक्कल आली की मुख्य मशीनवरच बसून बघावं. ड्राइव्हवर पिवळं कुलूप. पासवर्ड मागतंय. मशीन बंद केलं की कुलूप लागतं, चालू केल्यावर कुणीतरी उघडायचं. ते कुणीतरी म्हणजे काका. आम्ही शेअरिंगशी झगडत होतो आणि खोलीलाच टाळं.

काका असताना दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायचे. आम्ही येऊ तेव्हा गणपतीचा फोटो मांडीवर घेऊन मशीनपुढे बसलेले असायचे. नीलेश हळूच म्हणायचा, "काकांचं स्तोत्र चाललंय, पाच मिनिटं चप्पल वाजवू नका."

४ ऑक्टो., शनि.

सरांनी नेटवर्कवाला बोलावला. आला, पाठीवरची बॅग न काढता माउस हलवला. "मॅडम, ड्राइव्ह लॉक है. फॉरमॅट मार दूँ?"

मी म्हटलं, "तुझं डोकं फॉरमॅट मार आधी." नीलेश हसला. मला हसू आलं नाही. बॅकअप? आहे ना बॅकअप. त्याच मशीनमधल्या दुसऱ्या डिस्कवर. त्यालाही तेच कुलूप, तोच पासवर्ड. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेर पडायचं आणि वर शहाणे म्हणवून घ्यायचं.

मग सर केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "परबने जाता जाता वाट लावली आपली. मुद्दाम कुलूप घालून गेला."

खोटं. तीन वर्षांपूर्वी सरांचा लॅपटॉप रिक्षात राहिला तेव्हा सरच ओरडले होते, "सगळ्याला कुलूप लाव परब, कुणाला अंदाज येणार नाही असं." मी तिथेच उभी होते. आणि बुधवारी बंद करायला कुणी लावलं? मी म्हटलंही तसं. तर म्हणाले, "मी बंद कर म्हटलं नव्हतं. झाकून ठेव म्हटलं होतं."

मी जागेवर जाऊन बसले. काकांची बाजू घ्यायची राहिलीच. घरी येऊन भांडी आपटतेय.

६ ऑक्टो., सोम.

दिवसभर पासवर्डचे अंदाज लावले. काकांना फोन सर करणार नाहीत, आणि मी जूनपासून एकदाही केलेला नाही, आता कुठल्या तोंडाने करू. काकांच्या मुलाचं नाव, मालवणजवळचं त्यांचं गाव, गाडीचा नंबर, सरांचं नाव. सरांचं नाव टाकताना मीच शरमले. एकही चालला नाही.

घाटकोपरच्या बिल्डिंगचा फोन. तिथे तळमजल्याच्या चार कॉलमना टेकू लावलेत, वर माणसं राहतायत, कॉलम कसे जाड करायचे ती ड्रॉइंगं आम्ही द्यायचीत. तयार आहेत. कुलपात आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं तर सर सरळ म्हणाले, "आमच्या जुन्या माणसाने फायली अडवल्यात हो. पोलिसात देतोय."

फोनवर! बाहेरच्या माणसाला! परब काका, ज्यांनी ऑफिसची पेन्सिलसुद्धा कधी घरी नेली नाही.

संध्याकाळी तक्रारीचा कागद टाईप करून आला. 'श्री. परब यांनी हेतुपुरस्सर...' खाली साक्षीदार म्हणून नीलेश आणि मी. नीलेश म्हणाला, "सही केली नाही तर काय होईल गं?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस?" सरांना सांगितलं, उद्या करते. उद्या अर्धी रजा टाकली.

७ ऑक्टो., मंगळ.

बोरीवलीला काकांकडे. दार काकींनी उघडलं. काका खिडकीशी, पेपर उलटा पडलेला. "इलंस? बस." एवढंच. चहा आला तो तसाच.

मग म्हणाले, "चार महिन्यांत एक फोन नाय. आता कुलूप लागला तेव्हा परब आठावलो?"

मी सॉरी म्हटलं. खरंच नव्हता केला.

"माका घाटकोपरच्या सेक्रेटरीन काल फोन केल्यान. म्हणता, परब, तुम्ही फायली अडवल्यात म्हणे? एकवीस वर्सा गो. एक आकडो चुकीचो लिवूक नाय. आणि आता माका चोर म्हणतत."

काकी आत गेल्या. काकांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

पासवर्ड विचारला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी एखादी मूर्ख मुलगी. "गणपतीच्या फोटोच्या पाटी लिवललो आसा. शेवटच्या दिवशी सरांका सांगललंय. तुझ्यासमोर."

आणि मला आठवलं. केक कापत होते मी. काका सरांच्या बाजूला उभे राहून सांगत होते की पासवर्ड फोटोमागे आहे, दसऱ्यानंतर टाकावा लागतो. सर फोनवर होते, मान हलवली. काका माझ्याकडे वळले तर मी म्हटलं, "हो काका, हो. केक घ्या." प्लेट त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाकडे गेले.

म्हणजे ते फोटो मांडीवर घेऊन स्तोत्र म्हणत नव्हते. पाठीमागचं वाचून टाईप करत होते. दरवर्षी आमच्या डोळ्यांसमोर. आम्ही हसायचो.

"काका, आठवून सांगता येईल?"

"माका पाठ नाय. सोळा अक्षरा, आडवीतिडवी. तुमच्या सरांकाच तसो होयो होतो." मग, "फोटो हा मा थंयच?"

मी सांगितलं. फोटो कुठे आहे, कुणी ठेवला, चिठ्ठी कुणी खरवडली, बटण कुणी दाबलं. सगळं. काकांनी ऐकलं. रागावले नाहीत माझ्यावर, रागावले असते तर बरं झालं असतं. निघताना दारात म्हणाले, "सामंतांनी माका फोन करूचो. तेंच्या तोंडान. बाकी माका काय नको."

८ ऑक्टो., बुध.

सकाळी ऑफिसच्या आधी पिंपळ. आता तिथे सहासात देव उरलेत. लक्ष्मी, दोन साईबाबा, काच फुटलेला एक शंकर. आमचा गणपती नाही. तिथेच बसून रडले असते, पण शेजारी हार विकणारी मावशी बघत होती.

"काय शोधतेस गं?"

सांगितलं.

"तो होय? सोंडेवर मोत्यांची माळ काढलेला? मी नेला घरी. एवढा चांगला देव रस्त्यात धूळ खात होता. तूच ठेवून गेलीस ना? बघितलं मी तुला."

मी म्हटलं, मावशी, परत द्या. भडकल्या. "ठेवून जाताना काय वाटलं नाही? आता देव्हाऱ्यात बसवलाय मी, रोज फूल घालते. उचलून देऊ होय तुला? तुम्हा ऑफिसवाल्यांना देव म्हणजे कॅलेंडर वाटतं काय, पान उलटलं की टाकलं?"

बरोबर बोलत होत्या, काय सांगणार. म्हटलं, देव तुमचाच, मला फक्त पाठ बघायची आहे, त्यावर एक जण काहीतरी लिहून गेलाय, आणि त्या माणसावर चोरीचा आळ आहे. मावशींनी हातातला दोरा दाताने तोडला. "नेमका चांगल्या माणसावरच येतो आळ. उद्या आणते. पण संध्याकाळी मला परत पाहिजे. दिवा लावायच्या आत."

ऑफिसात सर: "सही?" म्हटलं, उद्या. सर म्हणाले, "उद्या शेवटचं. मग तूही त्याला सामील आहेस असं धरीन मी." घरी आल्यावर एक पान लिहिलं. मशीन सरांच्या सांगण्यावरून मी बंद केलं. फोटो मॅडमच्या सांगण्यावरून मी ठेवून आले. पासवर्ड कुठे आहे ते काकांनी जूनमध्ये आम्हा दोघांना सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. खाली सही. आई म्हणाली, नोकरी जाईल. म्हटलं, बघू.

९ ऑक्टो., गुरु.

पावणेबारा. मुख्य मशीनच्या खुर्चीत बसून लिहितेय, वही पर्समधली.

मावशींनी फोटो आणला. फडक्यात गुंडाळून, वर जास्वंद. पाठीमागे खाकी कागद, कोपऱ्यात काकांचं अक्षर, ड्रॉइंगवर लिहायचे तसं सरळ, उभं. सोळाच्या सोळा अक्षरं शाबूत. खाली तारीख आणि 'परब'.

सर धावत आले. "सापडला? वा! टाक पटकन. दोनला घाटकोपरला पाठवायचंय."

मी म्हटलं, "आधी काकांना फोन करा. मग त्या सेक्रेटरींना."

"कशाला? झालं ना आता. तो तक्रारीचा कागद फाडून टाक. आपल्या घरातली गोष्ट आहे ही."

"घरातली होती तर बाहेर कुणी सांगितली?"

"सुजाता, तू मला अडवतेस?"

माझं पान त्यांच्या हातात दिलं. वाचलं. कान लाल झाले. "तिथे माणसं टेकूखाली राहतायत," म्हणाले. "तुला कळतंय का?"

कळतंय. काल रात्रीपासून तेच कळतंय. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मोजमाप घ्यायला गेलो तेव्हा मला लिंबू सरबत दिलं होतं. दोन वाजता ड्रॉइंगं तिथे गेलीच पाहिजेत. पण फोनला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं सरांना चार महिन्यांत, सहा दिवसांत, आत्ताही मिळत नाहीत. उशीर मी करत नाहीये.

सर केबिनमध्ये गेले. दार आपटलं. नीलेश म्हणाला, "टाक ना यार, कशाला वाढवतेस." मग तो त्याची खुर्ची ओढत माझ्या शेजारी आणून बसला. त्यानेही तक्रारीवर सही केलेली नाही म्हणे. आत्ता सांगतोय.

फोटो मांडीवर उपडा आहे. काका असेच बसायचे. पडद्यावर रिकामी चौकट, त्यात उभी रेघ लुकलुकतेय.

केबिनच्या काचेतून सर दिसतायत. फोन उचलला. खाली ठेवला. चष्मा पुसला. आता परत उचललाय, कानाला लावलाय. ओठ अजून हललेले नाहीत.