पिंट्याचा डावा पाय

१२ डिसें., गुरु.
पिंट्या सकाळपासून पुन्हा पुढचा डावा पाय चाटतोय. केस गेलेच होते, आता लाल मांस दिसतं. चपचप, चपचप. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आबा ओसरीत खाटेवरच. दिवसभर तो आवाज ऐकून त्यांचं डोकं उठतं. आज ह्यांना म्हणाले, ऊस भरायला ट्रॉली येईल तिच्यात घाला त्याला, पाटसला कारखान्यावर सोडा, तिकडं लई कुत्री हायेत. हे लगेच हो म्हणाले. नंदीबैल! वडिलांपुढं कधी तोंड उघडतील तर शपथ.
आबांनीच त्याला पिल्लू असताना उपरण्यात गुंडाळून आणलेला. मला जेवण गेलं नाही.

१५ डिसें., रवि.
घरात कुणाला काही लागलं की आपलं लोणी-हळद. पिंट्यालाही लावली. त्याने हळदीसकट सगळं साफ केलं आणि थोड्या वेळाने स्वतःच पाय वर धरून आणखी लोण्यासाठी माझ्यापुढं हजर. माझ्यासारखी शहाणी मीच.
आबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. पण ट्रॉलीचं मागे घेतलं नाही.

१७ डिसें., मंगळ.
केडगावला जनावरांच्या डॉ.कडे. काटा नाही, किडे नाहीत. मलम दिलं, गळ्यात काहीतरी अडकवा म्हणाले. आणि विचारलं, घरात काही बदललंय का? मी म्हटलं, काही नाही.
येताना गाडीवर डोक्यात आलं. काही नाही कसं? रोज सकाळी आबा किटली घेऊन डेअरीला, हा पुढं पुढं. ऑपरेशन झालं, गुडघ्यावर उडी मारेल म्हणून आम्ही त्याला गोठ्यात बांधला. तिथून खाट दिसते, जाता येत नाही. तेव्हापासूनच हे सुरू.
जुन्या बादलीचं बूड कापून ती गळ्यात घातली. गोठ्याच्या दारात अडकून बसला. काढली.

१९ डिसें., गुरु.
सोडला त्याला. आबा ओरडले, बांधा त्याला. मी साखळी हातातच धरून उभी. पण उडी-बिडी काही नाही. हळू आला, खाटेच्या कडेवर हनुवटी ठेवली. आबांचा हात आपोआप खाली. हात डोक्यावर होता तोवर जीभ बाहेर आली नाही.
बघितलं मी. आबांनीही बघितलं.

२२ डिसें., रवि.
ऊस भरला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, कुत्रं कुठंय? ह्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं. हे आबांकडं बघायला लागले, मी जमिनीकडं.
आबा म्हणाले, “कुठलं कुत्रं? ऊस घेऊन जा गुमान. आमचं पिंट्या हितंच ऱ्हाईल.”
गोठ्यात जाऊन रडून घेतलं. म्हशीशिवाय कुणी बघितलं नाही. किती हलकं वाटलं!

२९ डिसें., रवि.
गुडघ्याच्या डॉ.नी सांगितलेला व्यायाम आबा करत नव्हते. आता वॉकर घेऊन फाटकापर्यंत, पिंट्या बरोबरीने. ते थांबले की हा थांबतो. जखम सुकली, बारीक केस येतायत. चाटतो अजून, पण कधीतरी. ह्यांना म्हटलं, बघा, एका औषधात दोन पेशंट. ह्यांना कळायला वेळ लागला.

९ जाने., गुरु.
संक्रांतीनंतर दुसरा गुडघा. पुण्याला राहावं लागणार. आबांना ऑपरेशनची नाही, पिंट्याची काळजी. “सूनबाई, त्याला आत्तापास्नं तुज्यासंगं चालायची सवय लाव.”
आज किटली मी घेतली. पिंट्या फाटकात थांबला, मागे बघत. आबा खुर्चीतून म्हणाले, जा की, मी हाय हितंच. आला. डेअरीपर्यंत चारदा मागं बघितलं, पण आला.
दुपारी आबा आत झोपलेले. हा रिकाम्या खाटेखाली, पाय चाटायला वळला. मी खाटेवर बसून हात खाली सोडला. त्याने वास घेतला, थांबला. डोकं टेकलं हाताला.
मग भाकरी करपल्याचा वास आला. उठावं की नाही तेच कळेना.