भागीरथाबाईची चूल

भिलाई, ३ मार्च १९८१

ती. आईस रत्नमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हो, जेवते गं! मेसची भाजी कोणती हे ओळखायला मात्र डॉक्टरच लागतो. इथे सगळे हिंदीच बोलतात, रविवारभर मराठीत एक शब्द बोलले नाही.

गेल्या आठवड्यात बोलले, ते नको त्या कामासाठी. वॉर्डात कोणी गेलं आणि कारण कळलं नाही, की शरीर उघडून पाहायची परवानगी घरच्यांकडे मागणं हे आम्हा ज्युनिअर डॉक्टरांचं काम. हथखोजच्या कारखान्यातला कवडू पोटदुखीनं भरती झाला अन् दुसऱ्या दिवशी गेला. बायको भागीरथा आपल्या साकोलीकडची, म्हणून आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मलाच पिटाळलं. तिनं अंगठा दिला. अट एकच, काय निघालं ते मी स्वतः घरी येऊन सांगायचं. मी हो म्हटलं.

आई, पोटातला अल्सर फुटला होता. आला तेव्हा मीच तपासलं होतं आणि गॅस समजून गोळी दिली होती. साहेब म्हणतात, रिपोर्ट फाइलला लागला, आता जाऊ नकोस. इथे मन मोकळं करावं असं कोणी नाही. बाबांना सांगू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
रत्ना

साकोली, ८ मार्च

चि. रत्नाले आईचे अनेक आशीर्वाद.

पोरी, पत्र वाचलं. साहेबाचं साहेबापाशी. तू शब्द देल्ला ना? ते बाई वाट पाहून राहिली असन. तेरवी झाली का जाऊन ये. तांदूळ-डाळ ने, रिकाम्या हातानं जाऊ नोको. ते शिव्या देईन तं खाऊन घे. तुह्या बाबाले मी काही बोलली नाही, पण तुहं अक्षर पाहून त्यायनं दोनदा इचारलं.

जिवाले जप.
तुही आई

भिलाई, १७ मार्च

ती. आईस सा. न.

रविवारी गेले. सगळं सांगितलं, माझी चूकही. भागीरथाबाईनं विचारलं की शिळ्या बेसनानं नाही ना झालं? पोट दुखायला लागलं त्या संध्याकाळी तिनं त्याला भाकरीबरोबर शिळं बेसन वाढलं होतं. अख्खी गल्ली तिलाच बोल लावत होती. तेरवी उलटली तरी तिनं चूल पेटवली नव्हती, शेजारणीकडे दोन घास खायची. मी सांगितलं, बेसनाचा काही दोष नाही. तेव्हा ती ढसाढसा रडली.

मग उठली, चूल पेटवली, मी नेलेलाच तांदूळ शिजवला आणि पहिलं ताट मला दिलं. शिव्या खायची तयारी करून गेले होते गं. ताटात शीतही ठेवलं नाही.

होळीला सुट्टी नाही. बाबांना आता सांग.

तुझी,
रत्ना