रोपांमधलं रान

ता. ३ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या पत्राने मात्र झोप उडाली. वीटभट्टीच्या पडीक जागेवर तू लावलेल्या रोपांवर वेली चढल्या, आणि नगरसमिती म्हणते की इथे झाडं नाहीतच, नुसतं रान माजलंय. पाहणी करून वाहनतळ करू! ताई, बस चालवून चालवून तुझे गुडघे कामातून गेलेत. विळा घेऊन बसू नकोस. मी फवारणीवाला पाठवलाय. विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. दुकानात शिलाईचा ढीग पडलाय, नाहीतर मीच आलो असतो.

लोभ आहेच, रागाने कमी करू नये.
तुझा धाकटा

ता. ९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

तुझा माणूस आला, पाठीवर टाकी घेऊन. औषधाला रोप आणि तण यांतला फरक कळतो का, विचारलं. म्हणाला, औषधाला कुठे डोळे असतात? मग मी रोपांच्या ओळीत उभी राहिले आणि सांगितलं की आधी माझ्यावर मार. बिचारा चहा पिऊन परत गेला.

वेल ओढली तर रोपाचा शेंडा मोडतो. म्हणून मी वेल मुळाशी कापते आणि वर सुकू देते. गवत कापून रोपांच्या पायाशी पसरते. गुडघे वाकत नाहीत, तर बसून सरकते. रस्त्यावरचे हसतात. हसू देत! बाईला घाटात बस जमायची नाही म्हणणारेच माझ्या मागे बिनघोर घोरायचे.

माया असू दे, माणसं पाठवू नकोस.
ताई

ता. १६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

परक्या माणसासमोर माझी शोभा केलीस. तुमच्या समितीचे अध्यक्ष इकडे माझ्या दुकानात कपडे शिवून घ्यायला आले होते. म्हणाले, बहिणीने हट्ट सोडला तर वाहनतळाला तिचं नाव देऊ. घे आणि मोकळी हो. आई गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आहे? तिथे एकटी पडलीस तर उचलणार कोण?

रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा

ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

पडले की परवा. कापलेल्या गवतावर. जरा पडून राहिले, वरची पानं बघितली आणि माझी मी उठले. रडू नकोस.

समिती आली. अध्यक्ष रस्त्यावरूनच म्हणाले की झाडं दिसत नाहीत. मी म्हटलं, गाडीतून दिसायची नाहीत, खाली उतरा. सगळ्यांना ओळींमधून चालवलं. रोपं त्यांच्या खांद्याला लागत होती. मेलेली होती, तीही मीच दाखवली.

मग त्यांनी अट घातली की ओढ्याकाठची झुडपंही साफ करा, चकचकीत दिसू दे. मी नाही म्हटलं. तिथे रोपं नाहीत, पाखरांची घरटी आहेत. जे रोपाचा गळा आवळेल ते कापीन, बाकीच्यांनी माझं काय घोडं मारलंय? अध्यक्ष म्हणाले, मग समितीची मतं विरोधात जातील. मी म्हटलं, जाऊ देत. यंत्र आणाल तेव्हा मी इथेच बसलेली असेन.

काल मतदान झालं. अध्यक्षांचं मत विरोधातच गेलं, पण बाकीच्यांनी जागा रानालाच ठेवली. ही बाकीची मंडळी चालताना झाडांना हात लावून बघत होती, हे मी पाहिलं होतं.

पहिल्या ओळीत वेलींना पुन्हा कोंब आलेत. उद्या सकाळी तिथूनच सुरुवात.

लोभ असावा, सल्ला नसला तरी चालेल.
ताई