गिऱ्हाइकाचा कोट

दि. ४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ज्यांच्याकडे कागदांच्या नकला करतेस, त्या लेखकसाहेबांची नवी कादंबरी इकडेही गाजतेय बरं का. आमच्या मालकीणबाईंनी ती विकत आणलीय. लाँड्रीत आम्ही बायका दुपारी जेवायला बसलो की त्या रोज पंधरा-वीस पानं मोठ्यानं वाचतात. आमच्यावर चार चांगले संस्कार व्हावेत म्हणून. भट्टीवर काम करणारी आमची जाडी तर ऐकता ऐकता माझीसुद्धा भाजी संपवते.

काल मात्र माझा घास हातातच राहिला. कादंबरीतली बाई इस्त्रीवाली आहे, हे ठाऊक होतंच. ती गिऱ्हाइकाच्या मुलीचा लोकरीचा कोट धुऊन झाल्यावर, शनिवारी पोचवायच्या आधी, तीन दिवस आपल्या पोरीला शाळेत घालायला देते. शुक्रवारी गळपट्टी पुसते, पुन्हा वाफ देते आणि घडी घालून ठेवते. पुढचं वाक्य मालकीणबाईंनी वाचलं. पोर मधल्या सुट्टीत खेळत नाही, कोट मळेल म्हणून भिंतीला पाठसुद्धा टेकत नाही. अगं, हे मी तुला माझ्या बबडीबद्दल लिहिलेलं वाक्य आहे. शब्दन्शब्द.

सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मालकीणबाईंना दोनदा चष्मा काढावा लागला. मी ताटात बघत बसले, वर बघायची हिंमत होईना. बबडीचे बाबा गेल्यापासून मी हे करते, ते तुझ्याशिवाय कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही. माझी पत्रं कुणी चोरली का? काय ते खरं लिही.

बबडी बरी आहे. सातच्या पाढ्यात गटांगळ्या खातेय, त्यात मावशीवर गेलीय. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू? पत्रं कुणी चोरली नाहीत. मीच साहेबांना वाचून दाखवली.

मागच्या हिवाळ्यात एकदा तुझं पत्र वाचताना मला हसू फुटलं. तू जाडीबद्दल काहीतरी लिहिलं होतंस. साहेबांनी विचारलं काय झालं, मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, अजून वाचा. मग दर पत्राला हेच सुरू झालं. ते मला समोर खुर्ची द्यायचे, ताई. एरवी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते. मी हुरळून गेले. तो कोटाचा भागही माझ्याच हातानं स्वच्छ लिहून काढलाय. तेव्हा वाटलं, आपली ताई पुस्तकात आली, वाचेल तेव्हा खूश होईल. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय.

आता एक ऐक. शेवटी ती पोर तापानं जाते. मी साहेबांना म्हटलं होतं, नका हो मारू. ते म्हणाले, त्याशिवाय वाचकाला चटका बसायचा नाही. बबडीच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस. आणि कोट आता बंद कर. मालकीणबाईंना ती नुसती गोष्टच वाटेल, पण जिवाला घोर नको. मी पैसे जमवून तिला कोट घेते.

रागाव, पण पत्र टाक.
तुझी अभागी धाकटी

दि. १७ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गुरुवारी पुस्तक संपलं. पोर गेली तेव्हा मालकीणबाई हुंदके देऊन रडल्या, पुढे वाचवेना त्यांना. शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळे तयार गठ्ठे स्वतः उघडले. असं आजवर कधी केलं नव्हतं. कोटाच्या खिशात पाटीवरच्या पेन्सिलीचा एवढासा तुकडा निघाला. ज्या मुलीचा कोट, तिच्या शाळेत पाटी नाही, वह्याच चालतात. मी सगळं कबूल केलं.

अकरा वर्षांचं काम पाच मिनिटांत गेलं. मी म्हटलं, बाई, काल तर तुम्ही पुस्तकातल्या बाईसाठी रडलात. त्या म्हणाल्या, ती बिचारी लाचार होती, तू लबाड आहेस. आणि हे म्हणतानाही त्यांचे डोळे भरलेले होते गं.

तुझ्यावर रागावू किती? रागावून चूल पेटत नाही. मालकीणबाईंच्या चिठ्ठीशिवाय दुसऱ्या लाँड्रीत कुणी उभं करत नाही. साहेबांना त्या देव मानतात. साहेबांनी बाईंना दोन ओळी लिहिल्या तर मला चिठ्ठी मिळेल. एवढं कर. महिनाअखेर खोली सोडावी लागेल.

तुझ्यावर भरवसा ठेवून,
ताई

दि. २२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. या खेपेला मुद्दाम, सगळं, तुझ्या दोन ओळींच्या विनंतीसकट. ऐकता ऐकता त्यांचे डोळे पाणावले. मला वाटलं, झालं काम.

त्यांनी मला ते लाचार आणि लबाड असं म्हटलेलं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. सावकाश. आणि टाक उचलला. मी जवळ जाऊन पाहिलं. मालकीणबाईंना पत्र नव्हतं ते. टिपणाच्या वहीत ते वाक्य उतरवून घेत होते.

दोन ओळींचं विचारलं तर म्हणाले, लेखकानं खऱ्या माणसांच्या कामात पडू नये. मी तुझं पत्र घडी करून पदरात बांधलं आणि उद्यापासून येणार नाही म्हणून सांगितलं. त्यावर ते उठून दारापर्यंत आले. अगदी आपुलकीनं म्हणाले, ताईंचं पुढे काय होतं, तेवढं कळवत जा.

रविवारी सकाळी तुझ्याकडे पोचते. दोघी मिळून दारोदार कपडे मागू, इस्त्री मलाही जमते. तू दार उघडलंस तरी मला पुष्कळ आहे.

तुझी,
धाकटी